अगं बाई, डोळा शार्प नाही!

नाव सांगणार नाही, विंगही सांगणार नाही. पण गेल्या लग्नसराईत आमच्या सोसायटीत दोन विहिणींमध्ये जे वाजलं, त्याला कारण हुंडा नव्हता, रुखवत नव्हतं, की पंगतीत कुणाला आधी वाढलं हेही नव्हतं. कारण होतं एक पूर्णांक चार दशांश. अल्बम आला, कौतुकानं टीपॉयवर उघडला गेला, आणि पहिल्याच पानावर नवरीची नथ अशी लखलखीत, की एकेक मोती मोजून घ्यावा. पापण्या सुट्या सुट्या. मुंडावळ्याही झकास. आणि तिच्या मागे, जेमतेम वीतभर अंतरावर, फेट्याच्या रंगाचा एक मऊसूत गोळा.

"हे काय आहे?" वरमाईंनी गोळ्यावर बोट ठेवलं.

"बॅकग्राउंड क्रीमी आलीय ना, काकू?" फोटोग्राफर पोरगा भाबडेपणानं म्हणाला.

"ती बॅकग्राउंड नाही. तो माझा मुलगा आहे."

पुढचं छापण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की उरलेले पैसे अजून दिलेले नाहीत म्हणे.

आता त्या पोराचा गुन्हा काय, तर ८५ मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर एफ १.४ वर सताड उघडं, आणि नवरी दोन मीटरवर उभी. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर या हिशेबानं जेवढं स्पष्ट येतं, त्याची जाडी, म्हणजेच डेप्थ, भरते साधारण साडेचार सेंटिमीटर. साडेचार! माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत त्याहून जास्त अंतर असतं. तिथं अख्खा जावई कसा मावणार? ॲपर्चर एफ ५.६ पर्यंत मिटलं असतं, तर हीच पट्टी १८ सेंटिमीटरच्या घरात गेली असती. तेही नको, तर नवरदेवाला दंडाला धरून थोडं पुढे ओढायचं. दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आले असते, तर एफ १.४ लासुद्धा वरमाय पेढा खात बसल्या असत्या. पण ॲपर्चर मिटणं म्हणजे हल्ली अब्रू जाणं. एवढे पैसे मोजून १.४ ची लेन्स घेतली, ती काय ५.६ वर वापरायला?

पूर्वी कार्यालयात येणारा स्टुडिओवाला आठवतो का? सफारी घातलेला. स्टेजसमोर उभा राहून "मागचे, थोडं आत या, काका, हनुवटी खाली" असं ओरडायचा, ॲपर्चर एफ ८ वर ठेवायचा, फ्लॅश उडवायचा आणि तीन रांगांतले सगळे नातेवाईक एकजात स्पष्ट यायचे. जांभई देणारा मामेभाऊसुद्धा. एफ ८ म्हणजे एकत्र कुटुंब होतं हो; आणि हे एफ १.४ म्हणजे राजाराणीचा टू बीएचके, सासूसासऱ्यांनी येताना फोन करून यायचं.

माझं तर स्पष्ट मत आहे. फोटोत कोण नीट दिसायचं हा आपल्याकडे पहिल्यापासून मानपानाचा प्रश्न. नवीन एवढंच, की आता पक्षपात केला तरी लेन्सकडे बोट दाखवून मोकळं होता येतं. "मी कुठे काय केलं, आत्या? डेप्थच कमी होती!"

आणि हे शार्पपणाचं वेड काही लग्नाच्या हॉलपुरतं राहिलेलं नाही. आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत. बँकेत होते तेव्हा चेकवरची सही भिंगातून बघायचे. ती नजर आता पाखरांच्या नशिबी आली आहे. यांना फोटो दाखवला की हे फोटो बघत नाहीत. आधी दोन बोटांनी ताणतात, मग आणखी ताणतात. थवा गेला, पाणी गेलं, आकाश गेलं, स्क्रीनवर नुसता एक डोळा उरतो. मग मान हलते. "छान आहे हो. पण डोळा शार्प नाही." समोरचा माणूस पहाटे तीनला उठून भिगवणला गेलेला, नावेत कुडकुडत बसलेला, उजनीच्या पाण्यावरून अख्खा रोहितांचा थवा उठतानाचा क्षण त्याला सापडलेला. आणि यांचं दुःख काय, तर डावीकडून तिसऱ्या रोहिताचा डोळा. तो रोहित तरी स्वतःचा डोळा इतका निरखून बघत असेल का?

बरं, हा शार्पपणा कुठे सांडला, हे तरी या मंडळींनी सांगावं. ते येतं काकूंना. काकूंनी आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नाही, पण चहा ठेवता ठेवता लांबून स्क्रीनकडे बघतात आणि निकाल देऊन मोकळ्या होतात. "यात काहीच धड नाही, म्हणजे यांचा हात हलला. यात मागची फांदी बघा कशी स्वच्छ, पक्षी पुसट. म्हणजे नेम फांदीवर लागला. आणि यात फांदी स्वच्छ, पोट स्वच्छ, फक्त पंख फरफटलेत. पक्षी हलला. त्याला हे तरी काय करणार." शंभर टक्के बरोबर! आणि तिन्ही दुखण्यांना औषधं वेगवेगळी. हात हलत असेल तर शटर वेगवान करायचं. ५०० मिलिमीटरची लेन्स हातात धरली, तर सेकंदाचा निदान पाचशेवा भाग हवा, हा जुना आडाखा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचं थरथरणं सांभाळून घेतं, पण पक्ष्याचं फडफडणं त्याच्या हाताबाहेरचं. उडत्या पाखराला सेकंदाचा दोनहजारावा भागही काही वेळा कमी पडतो. आणि नेमच फांदीवर गेला असेल, तर शटर कितीही पळवा, फांदीच सुरेख येणार. काका मात्र तिन्ही वेळा एकच उपाय सांगतात: नवी लेन्स.

आता जवळ या, हळू आवाजात सांगते. पंथ निघालाय. बॅक बटन फोकस असं त्याचं नाव. एरवी काय असतं, की शटरचं बटन अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस घेतो, पुरतं दाबलं की फोटो. सरळ कारभार. १९८९ मध्ये कॅननच्या ईओएस ६३० मध्ये सोय आली, की फोकसचं काम शटरकडून काढून पाठीमागच्या बटनाकडे द्यायचं. अंगठ्यानं फोकस, तर्जनीनं क्लिक. कल्पना चांगलीच आहे. मैदानावर धावणारा नातू टिपायचा असेल तर अंगठा दाबून धरायचा, कॅमेरा त्याच्या मागे मागे जात राहतो. नातू पाणी प्यायला थांबला की अंगठा उचलायचा, अंतर तिथंच गोठतं, मग चौकट हवी तशी सजवा. दर क्लिकला कॅमेरा पुन्हा शोधाशोध करत नाही. इतकी वर्षं लोक हे गुपचूप वापरत होते. आता मात्र दीक्षा दिल्यासारखं चाललंय. "तुम्ही अजून शटरनंच फोकस घेता?" असं विचारताना चेहरा असा, की जणू आपण अजून चुलीवर पाणी तापवतो.

त्याचा परिणाम महाबळेश्वरला दिसला. काकांनी आधी कठड्यावरच्या माकडाचा फोटो काढला, अगदी जवळून. मग सगळं कुटुंब दूर, दरीच्या बाजूला उभं केलं आणि जाणाऱ्या एका तरुणाच्या हातात कॅमेरा दिला. "हे बघा, वरचं बटन आधी दाबायचं नाही. मागचं दाबा, धरा, मग वरचं." तो बिचारा हनीमूनला आलेला, त्याचं लक्ष भलतीकडे. त्यानं सगळं जग दाबतं तेच बटन दाबलं. कॅमेऱ्याचा फोकस माकडाच्या अंतरावरून तसूभर हलला नाही. घरी येऊन बघतात, तर मुलगा, सून, नातू, विहीण, व्याही सगळे धुक्यात, आणि माकड तर केव्हाच उडी मारून गेलेलं. काकू एवढंच म्हणाल्या, "निदान त्याला तरी थांबवायचं होतं." तेव्हापासून परक्याच्या हाती कॅमेरा देताना काका सेटिंग बदलतात, अशी बातमी आहे. कबूल करणार नाहीत.

मधल्या ठिपक्याची भानगड त्याहून जुनी. फिल्मच्या आणि सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत फोकसचे ठिपके मोजके, आणि त्यातला भरवशाचा बहुधा मधलाच. कडेचे ठिपके संध्याकाळ झाली की आंधळे. म्हणून लोकांनी मधला ठिपका चेहऱ्यावर ठेवला आणि बटन दाबलं. चेहरा बरोब्बर मध्ये. काढा आपापले अल्बम! डोक्यावर अर्धी भिंत, भिंतीवर कॅलेंडर, कॅलेंडरवर ट्यूबलाइट, वर पंख्याचं एक पातं. आणि खाली पावलं घोट्यापाशी कापलेली. नऊवारीचे काठ, पैठणीचा पदर, जोडवी, ज्यासाठी तासभर आरशासमोर गेला ते सगळं चौकटीबाहेर. हे सौंदर्यदृष्टीचं दारिद्र्य नव्हे, ठिपक्याची गुलामगिरी होती. फोकस धरून ठेवून कॅमेरा थोडा खाली वळवता येतो, हे कुणी सांगितलंच नाही.

आणि जे वळवायला शिकले, ते पुढच्या खड्ड्यात पडले. कॅमेरा वळला की स्पष्टतेची पट्टीही त्याच्याबरोबर वळते आणि डोळ्याच्या किंचित मागे जाऊन पडते. एफ ८ ला ते कळतही नाही. एफ १.४ ला डोळ्याऐवजी झुमका शार्प येतो. म्हणून हल्लीच्या कॅमेऱ्यांत ठिपकाच सरकवून डोळ्यावर नेतात. मिररलेसमध्ये तर ठिपके जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले असतात. म्हणजे माणूस चौकटीच्या एका अंगाला बसवावा, तो बघतोय त्या बाजूला मोकळी जागा सोडावी, आणि तरी डोळा नेमका साधावा, हे आता कुणालाही जमावं. जमतं का? नाही. ठिपका फिरायला मोकळा झाला तरी माणसं अजून मधोमध.

या सगळ्याला फूस कुणाची, असं विचाराल तर जपान्यांची. १९७७ मध्ये कोनिकानं सी ३५ एएफ बाजारात आणला आणि माणसानं अंतर जुळवायचं सोडून दिलं. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला, त्याच्या पोटातच फोकसचा डोळा आणि मोटर. हौशी मंडळींची बोटं तेव्हापासून आळशी झाली. पण कहर केला कॅननच्या ईओएस ५ नं, १९९२ मध्ये. त्यात तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून कुठं बघताय हे कॅमेरा तुमच्या बुबुळावरून ओळखायचा आणि तिथला ठिपका निवडायचा. म्हणजे आपण कॅमेऱ्यातून बघायचं आणि कॅमेऱ्यानं आपल्या डोळ्यांत बघायचं! आमच्या आजीला हे सांगितलं असतं, तर तिनं पदर पुढे ओढला असता. चष्मेवाल्यांशी त्याचं फारसं जमायचं नाही, त्यामुळे प्रकरण थंडावलं. २०२१ मध्ये ईओएस आर ३ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. जुनी प्रकरणं मिटत नाहीत, हेच खरं.

आता तर कॅमेऱ्याला मेन्यूमध्ये आधी सांगायचं असतं, समोर कोण आहे. माणूस, प्राणी, पक्षी, गाडी, विमान. काही नव्या कॅमेऱ्यांत कीटकसुद्धा. २०२१ च्या सोनी अल्फा १ ला पक्ष्याचा डोळा ओळखता येऊ लागला तेव्हा आमच्या काकांनी ती बातमी अशी सांगितली, जणू नातवाला पहिला दात आला. चूक नाही त्यांची. फांद्यांच्या जंजाळात बसलेल्या खंड्याच्या मोहरीएवढ्या डोळ्यावर यंत्र चौकोन लावून बसतं, तेव्हा कुणालाही हसू फुटेल. पण यंत्राला डोळा कळतो, नातं कळत नाही. मागच्या साखरपुड्यात कॅमेऱ्यानं ऐन अंगठी घालण्याच्या वेळी सगळ्यांना सोडून भिंतीवरच्या, चंदनाचा हार घातलेल्या आजोबांचा चेहरा पकडला. स्थिर चेहरा, समोर बघणारा, दोन्ही डोळे उघडे. यंत्राला आणखी काय हवं? जाऊन पंधरा वर्षं झालेले आजोबा त्या अख्ख्या समारंभात सर्वांत शार्प. आजी मात्र खूश होत्या. "ह्यांचं पहिल्यापासून असंच. कुणाचंही कार्य असो, लक्ष ह्यांच्याकडेच."

गणपतीत तर आणखी पंचाईत. बाप्पाला मेन्यूत कुठं घालायचं, माणसांत की प्राण्यांत, यावर आमच्या मंडपात पाऊण तास वाद झाला आणि आरती लांबली. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल घुमायला लागले, गुलाल उडाला, की कॅमेऱ्याची मती गुंग. मध्ये उडणाऱ्या गुलालाच्या लोटावर फोकस जातो, ढोलाच्या टिपरूवर जातो, लेन्स आत-बाहेर करत राहते आणि ताशेवाल्याच्या चेहऱ्यावरचा तो एक क्षण निघून जातो. तिथं मजा पाहावी ती पेपरातल्या जुन्या फोटोग्राफर मंडळींची. ती ऑटोफोकस बंदच करून येतात. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ ८, अंतर तीन मीटरवर बांधलेलं; म्हणजे साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत जो कोणी येईल तो स्पष्ट. मग कॅमेरा डोळ्यालाही लावत नाहीत. गर्दीत घुसतात, अंतराचा अंदाज पायांना असतो, खटाखट काढतात आणि चहाला जातात. शार्पवाले तेव्हा अजून मेन्यूच्या चौथ्या पानावर. त्यात नव्या लेन्सवरून अंतराचे आकडेच गायब झालेत. एकेकाळी लेन्सच्या अंगावर कोरलेलं असायचं, एफ ८ ला इथून इथपर्यंत. आता नुसतं गुळगुळीत नळकांडं. या प्रकाराविरुद्ध कुणीतरी मोर्चा काढायला हवा. मी येईन.

ही मंडळी कास पठारावर जातात, तेव्हा मात्र खरंच संतापायला होतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशाचं बिरुद मिळालं आणि ऑगस्टअखेर फुलांच्या आधी लेन्सा उगवायला लागल्या. सीतेची आसवं हे जांभळं-निळं चिमुकलं फूल, वाऱ्याच्या झुळकीवर सतत डुलणारं. मॅक्रो लेन्सनं ते आहे त्या आकारात सेन्सरवर उतरवायचं, तर एफ ८ लासुद्धा स्पष्टतेची पट्टी उरते जेमतेम एक मिलिमीटर. एक पाकळी शार्प, दुसरी गेली. म्हणून जाणकार काय करतात, तर ऑटोफोकसच्या नादाला लागत नाहीत. अंतर कायम करतात आणि श्वास रोखून स्वतःच केसभर पुढे, केसभर मागे झुलतात, पाकळी पट्टीत आली की क्लिक. सेन्सर फुलाच्या तोंडाशी समांतर धरला, तर त्या एका मिलिमीटरमध्ये फुलाचा जास्त भाग मावतो. काही जण फोकस थोडा थोडा सरकवत फोटोंची माळ काढतात आणि घरी संगणकावर त्यांतले स्पष्ट तेवढे भाग जोडून एक करतात. कौशल्याचंच काम आहे. पण हे सगळं करताना पोटावर सपशेल आडवं पडून! एका फुलाची पापणी शार्प यावी म्हणून पोटाखाली किती फुलं चिरडली, याचा हिशेब कुठल्या चौकटीत यायचा? कारवीनं सात-सात वर्षं वाट पाहून फुलायचं आणि कुणाच्या तरी कोपराखाली जायचं. वर पुन्हा फोटोखाली ओळ: निसर्ग वाचवा.

जुन्नर-अकोल्याकडे हरिश्चंद्रगडावर जाणारे वेगळेच. कोकणकड्याच्या काठावर उभं राहायचं आणि फोकस थेट क्षितिजावर, अनंतावर. समोरचा दगड, त्यावरचं शेवाळ, सगळं पुसट. २४ मिलिमीटरची लेन्स एफ ११ ला पावणेदोन-दोन मीटरवर रोखली, तर मीटरभर अंतरावरच्या दगडापासून ढगापर्यंत सगळं पदरात पडतं, हे साधं गणित; पण अनंत म्हटलं की भारदस्त वाटतं. आणि ज्यांना पुढचं-मागचं सगळंच हवं असतं ते ॲपर्चर एफ २२ पर्यंत आवळतात, मग छिद्र इतकं बारीक होतं, की प्रकाश कडांवर पसरून अख्खा फोटोच किंचित मवाळ पडतो. हाव नडते ती अशी.

या शार्पवाल्यांसमोर मी मुद्दाम एका बाईचं नाव घेते, म्हणजे त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. १८१५ साली कोलकात्यात जन्मलेली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लेक-जावयानं कॅमेरा भेट दिला आणि बाई पेटली. कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, टेनिसन, हर्शेल, डार्विन अशा बड्याबड्यांना ओलीस धरून तासन्‌तास बसवलं. काचांवर बोटांचे ठसे, रसायनांचे ओघळ, आणि चेहरे मऊ. फोकस घेताना जिथं रूप मनाला भिडलं तिथंच ती थांबायची. लेन्स आणखी फिरवून कडा कापीव करण्याच्या फंदात पडायची नाही. लंडनच्या फोटोवाल्या पंडितांनी तिला धारेवर धरलं. बाईला फोकस घेता येत नाही, म्हणाले. म्हणजे तेव्हाही काका होतेच! आणि १८६५ मध्ये साऊथ केन्सिंग्टन म्युझियमनं, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं, तिचे फोटो विकत घेतले. पंडितांचे कुठं आहेत, शोधते आहे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेत १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी गटच काढला आणि नाव ठेवलं एफ ६४. लेन्स जितकी मिटेल तितकी मिटायची, खडकापासून पर्वतापर्यंत सगळं कापून काढल्यासारखं स्पष्ट. त्यांच्या हातात मोठाले कॅमेरे होते, तिथं ते शोभतं. आणि रॉबर्ट कापा? जून १९४४, नॉर्मंडीचा किनारा, समोरून गोळ्या. पाण्यात सरपटणाऱ्या सैनिकाचा त्याचा फोटो हललेला, पुसट. नियतकालिकानं खाली लिहिलं, त्या क्षणाच्या उत्तेजनेत कापाचा कॅमेरा हलला. १९४७ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं तेव्हा त्यानं ‘थोडा फोकसबाहेर’ हे शब्द मुखपृष्ठावर मिरवले. आमच्या काकांना मी तो फोटो दाखवला. दोन बोटं स्क्रीनकडे निघाली होती, काकूंनी मनगट धरलं.

फोनवाल्यांना मात्र मी या पापातून वगळणार नाही. फोनचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे त्यात मुळातच जवळपास सगळं स्पष्ट येतं. पण शेजारच्याकडे क्रीमी, मग आपल्याकडे का नको? २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला आणि हिशेबानं अंदाज बांधून धूसर करण्याची सोय झाली. बांधलेल्या अंदाजाला केस आणि केसाबाहेरची हवा यांतला फरक नेहमीच कळतो असं नाही. आत्याबाईंनी मंगळागौरीला चार पदरी गजरा माळला, फोनला वाटलं तो मागच्या झाडाचाच भाग; गजरा धुक्यात, अंबाडा अर्धा कापलेला, चष्म्याची एक दांडी हवेत संपलेली. आत्याबाई तो फोटो सगळीकडे पाठवून विचारत होत्या, "माझे केस कुणी कापले?" गजरेवालीनं पुढच्या वेळी पैसे घ्यायला नकोत, असंही सुचवून झालं.

आणि आता ताजी बातमी, आजच सकाळची, भाजीवाल्याच्या गाडीपाशी कळलेली. शार्पचं युग संपलं म्हणे! ज्यांनी लाखालाखाच्या लेन्सा घेतल्या, ते आता मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जुन्या, हातानं फोकस करायच्या लेन्सा धुंडाळतायत. हेलिओस ४४-२ नावाची एक रशियन लेन्स, ५८ मिलिमीटर, एफ २. तिच्यातून मागची झाडं गोल गरगरल्यासारखी दिसतात, म्हणून ती हवी. तिला अडॅप्टर लावायचा, मग मिररलेसच्या पडद्यावर स्पष्ट कडांभोवती लाल रेघा उमटतात, त्या बघत अंगठ्या-तर्जनीनं रिंग फिरवायची. (त्या लाल रेघांवर फार विसंबू नका, एफ २ ला त्या नाकालाही लाल करतात आणि डोळ्यालाही. स्क्रीन मोठी करून डोळ्यावर जाऊन बघा.) हेही परवडलं. पण काकांनी कमाल केली. नव्या, महागड्या, सुरीसारख्या शार्प लेन्सवर त्यांनी आता एक फिल्टर आणलाय, किंमत काकूंना अजून माहीत नाही. त्याचं काम काय, तर शार्पपणा कमी करणं. चेहऱ्यावर हलका धुरकटपणा, दिव्यांभोवती वलय, सगळं जुन्या सिनेमासारखं.

काकूंनी फिल्टर हातात घेतला, उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला.

"म्हणजे आधी पैसे देऊन शार्प केलं, आता पैसे देऊन पुसट?"

"अगं, हे वेगळं पुसट आहे."

"त्यापेक्षा साध्या काचेवर बोटभर खोबरेल तेल फासलं असतं. जुने स्टुडिओवाले व्हॅसलीन लावायचेच की."

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "घाण्यावरचं आहे का आपल्याकडे?"